घरगुती केक

घरगुती केक : मैदा, साखर, लोणी किंवा अन्य स्निग्ध पदार्थ आणि बहुधा अंडी यांचे मिश्रण फुगवून व बंदिस्त कोरड्या उष्णतेत भाजून घरी तयार केलेला गोड खाद्यपदार्थ. पाव व केक हे एकाच भट्टीचे अपत्य असले, तरी त्यांच्या फुगण्याची रीत वेगळी आहे. पाव यीस्टच्या किण्वनाने फुगतो आणि त्यातील ग्लुटेन मळून बळकट केलेले असते. उलट केकच्या मिश्रणात ग्लुटेन जितके कमी जागे होईल तितके बरे, म्हणूनच मैदा शेवटी व हलक्या हाताने मिसळतात. केक जाळीदार होतो तो फेटून कोंडलेल्या हवेमुळे, अंड्यांच्या प्रथिनांमुळे, भाजताना तयार होणाऱ्या वाफेमुळे अथवा रासायनिक चूर्णातून निघणाऱ्या कार्बन डाय-ऑक्साइड वायूमुळे. यांपैकी कोणत्या साधनावर किती भिस्त ठेवावी, या प्रश्नाच्या बदलत्या उत्तरांतच घरगुती केकचा बराचसा इतिहास सामावलेला आहे. उरलेला इतिहास भट्टीचा व साखरेचा आहे.

आज ‘सोपा घरगुती केक’ म्हणून जी कृती सांगितली जाते, ती अर्ध्या तासात कालवून होते. या सोपेपणाचे वय मात्र फार नाही. सतराव्या शतकापर्यंत इंग्लंडमधील केक म्हणजे गोड, मसालेदार व मनुका घातलेला पावच असे आणि तो बिअर तयार करताना वर येणाऱ्या यीस्टच्या फेसाने फुगविला जाई. फक्त अंडी फेटून मिश्रण हलके करण्याची युक्ती त्याच शतकात रूढ होऊ लागली. जर्व्हेस मार्कम याच्या १६१५ सालच्या गृहिणीविषयक ग्रंथात अशा बिस्किटसदृश पदार्थाची कृती आढळते. अठराव्या शतकात यीस्ट मागे पडून अंडी व लोणी ही फुगविण्याची मुख्य साधने ठरली.

या काळाचा प्रातिनिधिक पदार्थ म्हणजे पाउंड केक. मैदा, साखर, लोणी व अंडी प्रत्येकी एक पौंड (सु. ४५० ग्रॅ.) घ्यावयाची, हे त्याचे प्रमाण अक्षरओळख नसलेल्या स्वयंपाकिणीसही सहज ध्यानात ठेवता येई. फ्रान्समध्ये याच प्रमाणाच्या केकचे नाव ‘चार चतुर्थांश’ अशा अर्थाचे आहे. हॅना ग्लास हिच्या १७४७ साली प्रसिद्ध झालेल्या व पुढे अनेक आवृत्त्या निघालेल्या पाकग्रंथात लोणी मातीच्या भांड्यात हाताने एकाच दिशेने फेटून साईसारखे करावे, बारा अंडी घ्यावीत पण पांढरे बलक निम्मेच घ्यावेत आणि मैदा, साखर व थोडे शहाजिरे मिसळून झाल्यावर सर्व मिश्रण हाताने किंवा मोठ्या लाकडी चमच्याने तासभर फेटावे, असे सांगितले आहे. हा तासभर लेखिकेने एका वाक्यात संपविला आहे. परंतु ज्या मोलकरणीच्या खांद्याने तो काढला असेल, तिच्या दृष्टीने केकची खरी कृती तेवढीच होती. शिवाय त्याआधीची कामे वेगळीच. साखर शंकूच्या आकाराच्या घट्ट ढेपेच्या रूपाने मिळे. ती चिमट्याने तोडून, कुटून व चाळून घ्यावी लागे. मैदा दमट असे, म्हणून तो शेगडीसमोर वाळवावा लागे. मनुकांतील बिया एकेक करून काढाव्या लागत. जुन्या पाकग्रंथांत सोपेपणाचा उल्लेख अभावानेच येतो, याचे कारण या कामांत शोधले पाहिजे.

साखरेविषयी येथेच सांगितले पाहिजे. अठराव्या शतकात ब्रिटनमध्ये आलेली साखर मुख्यत्वे कॅरिबियन बेटांतील मळ्यांतून येई आणि ती आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या श्रमाची असे. ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी रद्द करणारा कायदा १८३३ मध्ये झाला. प्रशियात मार्कग्राफ याने १७४७ मध्ये बीटमध्ये साखर असल्याचे दाखविले होते व आखार्ड याने १८०१ मध्ये बीटसाखरेचा पहिला कारखाना काढला होता. या साखरेच्या स्पर्धेने एकोणिसाव्या शतकात भाव उतरत गेले. १८७४ मध्ये ब्रिटनने साखरेवरील आयात कर उठविला. त्याच सुमारास बूडापेस्ट व मिनीॲपोलिस येथील रुळांच्या गिरण्यांतून पांढराशुभ्र बारीक मैदा स्वस्तात मिळू लागला. केक श्रीमंतांच्या टेबलावरून कारागिराच्या घरी रविवारच्या चहास आला तो या स्वस्ताईमुळे. पाककौशल्याचा प्रसार हे कारण त्यामानाने दुय्यम मानावे लागते.

भट्टी : विटांची घुमटाकार भट्टी मोठ्या घरांतच असे. तिच्या आत काटक्या जाळून विटा तापवीत, मग राख ओढून काढून प्रथम पाव व नंतर उतरत्या उष्णतेत केक भाजीत. तापमान मोजण्याचे साधन नव्हते. भट्टीत हात किती वेळ धरवतो किंवा टाकलेला कागद अथवा चिमूटभर पीठ किती वेळात तांबूस होते, यावरून अंदाज घेत. ज्यांच्या घरी भट्टी नसे, ते आपले मिश्रण गल्लीतील पाववाल्याकडे नेऊन थोड्या मोबदल्यात भाजून आणीत, किंवा तव्यावर होणाऱ्या पदार्थांवर समाधान मानीत. वेल्समधील तव्यावरचे केक व स्कॉटलंडमधील स्कोन हे अशा भट्टीविना घरांचे वारसदार आहेत. तिसरी सोय म्हणजे बिडाचे, जड झाकणाचे भांडे. ते निखाऱ्यांवर ठेवून झाकणावरही निखारे रचले की लहानशी भट्टीच तयार होई.

टॉमस रॉबिन्सन याने १७८० मध्ये लंडनमध्ये शेगडीस जोडलेल्या लोखंडी भट्टीचे एकस्व (पेटंट) घेतले. या भट्टीची एक बाजू करपे व दुसरी कच्ची राही. पण ती स्वयंपाकघरातच होती. पुढील शतकात बिडाचे चुलाणे व त्यानंतर गॅसची भट्टी आली. खरा बदल घडला तो तापनियंत्रकामुळे. ब्रिटनमध्ये १९२३ मध्ये गॅसच्या भट्टीस असे नियंत्रक बसविण्यात आले आणि त्यावरील आकडे पाककृतींत छापले जाऊ लागले. तोपर्यंत पुस्तकात ‘मध्यम आच’ एवढेच लिहिणे शक्य होते व ती मध्यम आच ओळखण्याचे ज्ञान आईकडून मुलीकडे, फार तर शेजारणीकडून, जात असे.

फुगविणारी चूर्णे : अंड्यांवाचून व श्रमावाचून केक फुगविण्याचा पहिला लोकमान्य उपाय राखेतून निघाला. लाकडाची राख पाण्यात कालवून, ते पाणी गाळून व आटवून पोटॅश मिळे. तो भाजून शुद्ध केला म्हणजे मोत्यासारखा पांढरा क्षार हाती येई. आपल्याकडील पापडखार याच जातकुळीतला होय. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील (अ. सं. सं.) पहिले एकस्व १७९० मध्ये सॅम्युएल हॉपकिन्स यास मिळाले, ते हाच क्षार तयार करण्याच्या रीतीबद्दल. ॲमीलिया सिमन्स हिने १७९६ मध्ये हार्टफर्ड येथे प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात हा क्षार आल्याच्या केकमध्ये व बिस्किटांत घालण्यास सांगितला आहे. अमेरिकन लेखकाने अमेरिकेत छापलेला हा पहिला पाकग्रंथ मानला जातो. ‘अनाथ’ एवढीच ओळख लेखिकेने मुखपृष्ठावर दिली आहे. अशा स्त्रीच्या पुस्तकातून पाकशास्त्रातील एवढा मोठा बदल प्रथम छापील रूपात यावा, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. प्रयोगशाळांच्या आधी हा शोध स्वयंपाकघरांत लागलेला होता आणि तो लावणाऱ्यांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत.

या क्षाराचा दोष म्हणजे त्याची साबणासारखी चव व लोण्याशी होणारी त्याची विक्रिया. त्याची जागा सोडियम बायकार्बोनेटाने म्हणजे खाण्याच्या सोड्याने घेतली. जॉन ड्वाइट व ऑस्टिन चर्च यांनी १८४६ मध्ये अ. सं. सं. मध्ये त्याचे उत्पादन सुरू केले. सोडा नुसता तापविला तरी वायू सोडतो, पण मागे सोडियम कार्बोनेट उरून पदार्थ कडवट व पिवळट होतो. म्हणून त्याबरोबर आंबट ताक, काकवी किंवा व्हिनेगर यांसारखे अम्ल घालीत. ढोकळ्यात ताक व सोडा घालणाऱ्या गृहिणीस हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. अडचण एवढीच, की ताक किती आंबट आहे हे रोज बदलते व त्यामुळे सोड्याचे प्रमाण नेहमीच अंदाजाचे राहते.

अम्ल व सोडा दोन्ही कोरड्या स्वरूपात एकत्र ठेवल्यास ही अडचण टळते. बर्मिंगहॅम येथील औषधविक्रेता ॲल्फ्रेड बर्ड याने १८४३ मध्ये असे चूर्ण तयार केले. त्याच्या पत्नीस यीस्ट सोसत नसे आणि तिला पाव खाता यावा हा त्याचा मूळ हेतू होता. तिला अंडीही सोसत नसल्याने त्याने १८३७ मध्ये मक्याच्या स्टार्चपासून बिनअंड्याचे कस्टर्ड केले होते. बेकिंग पावडरमधील प्रचलित अम्लद्रव्य ‘क्रीम ऑफ टार्टर’ हे द्राक्षमद्याच्या पिंपांत जमणाऱ्या थरापासून मिळते. वजनाने एक भाग सोड्यास ते सु. २¼ भाग लागते. त्यात मक्याचा स्टार्च घालतात, तो हवेतील दमटपणा शोषून दोन्ही द्रव्ये एकमेकांपासून दूर ठेवण्यासाठी. डबा उघडा राहिल्यास ही विक्रिया डब्यातच उरकते व केक बसतो. चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकून ती फसफसते का हे पाहणे, ही तिची सर्वांत साधी कसोटी होय.

टार्टर यूरोपातून आणावे लागे व ते महाग पडे. हार्व्हर्ड विद्यापीठातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक एबेन नॉर्टन हॉर्सफर्ड यांनी त्याऐवजी कॅल्शियमाचे अम्लधर्मी फॉस्फेट वापरण्याची रीत काढली व १८५६ मध्ये एकस्व मिळविले. ते जर्मन रसायनशास्त्रज्ञ यूस्टुस फोन लीबिख यांचे शिष्य होते. कोंड्याबरोबर निघून जाणारी फॉस्फेटे पिठास परत मिळावीत अशी त्यांची पोषणविषयक भूमिका होती. हे फॉस्फेट प्रथम जनावरांच्या हाडांपासून काढीत, पुढे खनिजांपासून. तिसरे अम्लद्रव्य म्हणजे तुरटीच्या वर्गातील सोडियम ॲल्युमिनियम सल्फेट. ते स्वस्त असून थंड मिश्रणात जवळजवळ निष्क्रिय राहते व भट्टीत तापल्यावर वायू सोडते. त्यामुळे मिश्रण काही वेळ तसेच राहिले तरी बिघडत नाही.

या स्वस्त द्रव्यावरून अ. सं. सं. मध्ये सु. चार दशके व्यापारी झुंज चालली. टार्टरवाल्या उत्पादकांनी तुरटी विषारी असल्याचा प्रचार जाहिरातींतून केला. मिसूरी राज्यात १८९९ मध्ये तुरटीयुक्त पावडरीवर बंदी घालणारा कायदा झाला. त्यामागे विधिमंडळात वाटलेली लाच होती हे पुढे उघड झाले, १९०३ मध्ये राज्याच्या उपराज्यपालास पद सोडावे लागले आणि १९०५ मध्ये बंदी उठली. गृहिणीच्या आरोग्याची काळजी हे या झुंजीचे दर्शनी रूप होते. प्रत्यक्षात ज्या चमचाभर पावडरीने तिचा तासभराचा श्रम वाचविला होता, त्या चमच्याची किंमत कोणी घ्यावयाची हा प्रश्न होता.

बेकिंग पावडर आल्यानंतरही जुनी रीत लोपली नाही. इझाबेला बीटन हिच्या १८६१ सालच्या गृहव्यवस्थापनाच्या ग्रंथात राणी व्हिक्टोरियाच्या नावाने दिलेल्या केकमध्ये अंड्यांच्या वजनाइतकाच मैदा, साखर व लोणी असून पावडर नाही. आज व्हिक्टोरिया स्पंज म्हणून जो केला जातो, त्यात मात्र ती असते. अंडी फेटण्याचा श्रम दुसऱ्या वाटेनेही हलका झाला : टर्नर विल्यम्स याने १८७० मध्ये दातेरी चाकावर फिरणाऱ्या दोन पात्यांच्या रवीचे एकस्व घेतले. तिची प्रतिरूपे भारतीय भांड्यांच्या दुकानांत दीर्घकाळ मिळत असत.

प्रमाण : रासायनिक चूर्णाने एक नवे बंधन आणले. पाउंड केकमध्ये लोणी थोडे कमीजास्त झाल्यास निभावते. सोडा दुप्पट झाल्यास केक तोंडात धरवत नाही. ‘अक्रोडाएवढे लोणी’, ‘चहाचा पेला भरून पीठ’ ही भाषा यापुढे चालणार नव्हती. बॉस्टनच्या पाकशाळेच्या प्रमुख फॅनी मेरिट फार्मर (१८५७–१९१५) यांनी १८९६ च्या आपल्या ग्रंथात सपाट केलेला पेला व सपाट केलेला चमचा ही मापे कटाक्षाने वापरली. सोळाव्या वर्षी पक्षाघाताने त्यांचे शालेय शिक्षण थांबले होते. प्रकाशकास पुस्तकाच्या खपाची खात्री नसल्याने पहिल्या ३,००० प्रतींचा खर्च त्यांनी स्वतः सोसला. ते पुस्तक पुढे लाखोंनी खपले. अमेरिकन घरांत रुळलेला ‘एक-दोन-तीन-चार’ केक पेल्याच्या या मापावरच उभा आहे : १ पेला लोणी, २ पेले साखर, ३ पेले मैदा व ४ अंडी. यूरोपीय घरे तराजूस चिकटून राहिली. अचूकतेच्या दृष्टीने तराजूच श्रेष्ठ आहे, कारण मैदा दाबून भरला की सैल, यावर पेल्यातील वजन बरेच बदलते. परंतु पेला घरोघरी असतो आणि तराजू नसतो.

टंचाईचे केक : पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत अंडी, दूध व लोणी यांवाचून केक करण्याची कृती प्रसृत झाली. मनुका, साखर, चरबी व मसाले पाण्यात उकळून, निवल्यावर त्यात मैदा व सोडा मिसळीत. १९३० च्या मंदीत ती पुन्हा उपयोगी पडली. ब्रिटनमध्ये ८ जानेवारी १९४० पासून साखर व लोणी यांवर नियंत्रण आले. त्याच वर्षी केकवर साखरेचा थर देण्यास बंदी झाली, तेव्हा विवाहप्रसंगी लहानशा केकवर पुठ्ठ्याचे शुभ्र, नक्षीदार आच्छादन ठेवून छायाचित्र काढीत. १९४२ पासून अमेरिकेतील सुक्या अंड्यांची भुकटी मिळू लागली. साखरेवरील नियंत्रण सप्टेंबर १९५३ मध्ये उठले. गोडासाठी किसलेले गाजर घालण्याची जुनी प्रथा या काळात पुन्हा वर आली.

युद्धानंतर अमेरिकन बाजारात तयार मिश्रणांचे खोके आले. त्यांचा उगम मात्र आधीचा आहे. पिट्सबर्ग येथील डफ कुटुंबाच्या काकवीच्या कंपनीने १९३० च्या दशकातच अशा मिश्रणाची एकस्वे घेतली होती. प्रथम बाजारात आलेल्या मिश्रणात अंड्याची भुकटीही होती व फक्त पाणी घालावयाचे असल्याने गृहिणींस अपराधी वाटे, म्हणून अर्नेस्ट डिख्टर या मानसशास्त्रज्ञाच्या सल्ल्यावरून ताजे अंडे घालण्याची सोय ठेवली व खप वाढला, अशी कथा जाहिरातशास्त्राच्या पुस्तकांत आवडीने सांगितली जाते. ती जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. डफ यांनी १९३० च्या दशकातच ताज्या अंड्यांच्या मिश्रणाचे एकस्व मागितले होते आणि ताज्या अंड्याने केक खरोखरच अधिक चांगला होतो. गृहिणीने चवीवरून केलेली निवड तिच्या अपराधभावाच्या खात्यावर मांडण्याची ही वृत्ती तत्कालीन जाहिरातव्यवसायाचीच साक्ष देते.

भारत : पश्चिम भारतात भट्टीकाम पोर्तुगीजांबरोबर रुजले. १५१० मध्ये गोवा त्यांच्या ताब्यात गेल्यानंतर तेथे पाव करणाऱ्या पोदेरांचा वर्ग निर्माण झाला; ते पीठ माडीने आंबवीत. गोव्यातील घरगुती गोड पदार्थांत बेबिंक सर्वांत श्रमाचे. अंड्याचा बलक, नारळाचे दूध, मैदा, साखर व तूप यांचे मिश्रण पळीपळीने ओतून वरून निखारा देऊन भाजतात; एक थर तांबूस झाल्यावरच दुसरा ओततात. थर सात ते सोळा असतात व ते उरकण्यास अर्धा दिवस लागतो. २०२३ मध्ये त्यास भौगोलिक निर्देशांक मिळाला. रवा व खोबरे यांचा ‘बाथ’ त्यामानाने सोपा.

कोकणात मात्र केक हा शब्द पोहोचण्यापूर्वीच त्याचा भाऊ नांदत होता. तवशाचा कीस, तांदळाचा रवा व गूळ यांचे धोंडस जाड बुडाच्या भांड्यात, झाकणावर निखारे ठेवून भाजतात. वरखाली निखाऱ्याची ही रीत आणि यूरोपातील बिडाच्या भांड्याची रीत तत्त्वतः एकच होत. दोहोंपैकी कोणी कोणाचे अनुकरण केले असे मानण्याचे कारण नाही. ज्या घरात भट्टी नाही त्या घरास सुचणारा तो स्वाभाविक उपाय आहे.

मुंबई-पुण्याकडील मध्यमवर्गीय घरांत भट्टीकामाचा पहिला परिचय बहुधा नानकटाईने झाला. दिवाळीत किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत मैदा, रवा, पिठीसाखर व तूप घरून घेऊन बेकरीत जावयाचे, कारागिराकडून पत्रे भाजून घ्यावयाचे व डबा भरून आणावयाचा, असा परिपाठ होता. आपल्या तुपाच्या जागी दुसऱ्याचे वनस्पती तूप जाऊ नये म्हणून घरातील एखाद्या मुलास तेथे बसवून ठेवीत. इंग्लंडमधील गल्लीच्या भट्टीचीच ही आवृत्ती होती.

घरात भट्टी नसणे व अनेक घरांत अंडे चालत नसणे, या दोन अडचणींतून महाराष्ट्रातील व गुजरातमधील घरगुती केकला स्वतंत्र वळण मिळाले. पहिलीवर तोडगा निघाला तो वाळूचा. १९५९ च्या सुमारास भारतात प्रेशर कुकर तयार होऊ लागले. त्याच्या तळाशी वाळूचा किंवा मिठाचा थर पसरून, झाकणाचे रबरी कडे व शिटी काढून, दहा मिनिटे तापवून आत भांडे ठेवले असता मंद आचेवर पाऊण तासात केक होतो. वाफ कोंडणे हा ज्या भांड्याचा धर्म, त्याचीच वाफ मोकळी सोडून त्यास कोरडी भट्टी बनविणे, ही कल्पना कोणत्याही उत्पादकाच्या नव्हे तर गृहिणींच्या बुद्धीची आहे. ॲल्युमिनियमच्या गोल भट्ट्याही अनेक घरांत होत्या. त्यांच्या झाकणास काचेची खिडकी असे व तीतून मुले केक फुगताना पाहत.

दुसऱ्या अडचणीवर साखर घातलेले आटीव दूध किंवा दही व सोडा हा उपाय रूढ झाला. अंड्याचे काम तिहेरी असते : हवा धरणे, स्निग्ध व जलीय अंश एकत्र बांधणे आणि भाजल्यावर सांगाडा देणे. दुधातील प्रथिने त्यांपैकी दुसरे काम बऱ्यापैकी व तिसरे काही अंशी करतात. पहिले सोड्याकडे सोपवावे लागते. म्हणूनच बिनअंड्याचा केक मिश्रण होताच भट्टीत घालावा लागतो. रव्याचा केक हा त्यातील सर्वांत क्षमाशील प्रकार होय. दोन वाट्या बारीक रवा, एक वाटी दही, एक वाटी साखर व अर्धी वाटी तूप एकत्र करून अर्धा तास मुरवितात. रवा फुगला की लागेल तसे दूध, एक चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा व वेलदोड्याची पूड घालून लगेच भाजतात. वाटीचे हे माप फार्मरबाईंच्या पेल्याइतके प्रमाणित नाही, पण एकाच वाटीने सर्व मोजल्यास गुणोत्तर बिघडत नाही.

विजेच्या भट्ट्या व सूक्ष्मतरंग भट्ट्या शहरांत पसरल्यानंतर वाळूची रीत मागे पडली होती. २०२० मध्ये कोविड साथीच्या टाळेबंदीत बेकऱ्या बंद राहिल्या व वाढदिवस घरातच साजरे करावे लागले, तेव्हा ती पुन्हा माळ्यावरून खाली आली. वापरलेली वाळू अन्य कामास चालत नाही. ती थंड झाल्यावर चाळून, निराळ्या डब्यात भरून पुढील केकसाठी ठेवतात.